रशियाला निघण्याआधी थोडं रशियन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियाला जायचं ठरलं की विमान, हॉटेल, कपडे यांची चौकशी होते आणि भाषेचा विचार शेवटच्या आठवड्यात येतो. मग इंग्रजीतून लिहिलेलं एखादं वाक्यांचं पुस्तक हाती लागतं आणि आपण मराठी माणसं इंग्रजीच्या खिडकीतून रशियन बघायला लागतो. मीही सुरुवात तशीच केली होती. त्यात वेळ गेला, आणि काही उच्चार असे चुकीचे बसले की ते सुधारायला पुढे दुप्पट कष्ट पडले. मराठी कान आणि मराठी जीभ रशियनसाठी बरीचशी तयार असते, तेव्हा थेट मराठीतूनच शिकावं, असं माझं ठाम मत आहे. खालची उत्तरं त्याच धोरणाने लिहिली आहेत.

इंग्रजी येत असताना रशियन शिकायची गरज आहे का?

मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गच्या मोठ्या हॉटेलांत, संग्रहालयांत आणि तरुण मुलांशी बोलताना इंग्रजीवर भागतं. किराणा दुकान, औषधाचं दुकान, बसचा चालक, रेल्वेच्या डब्याची व्यवस्था बघणारी बाई, छोट्या शहरातलं उपाहारगृह इथे भागत नाही. फोनवरचं भाषांतर कामाला येतं खरं, पण अलीकडे रशियात मोबाइल इंटरनेट मधूनमधून बंद ठेवलं जातं. ज्या वेळी ते बंद असेल त्याच वेळी तुम्हाला रस्ता विचारायचा असेल.

किती दिवस आधी सुरुवात करावी?

तीन आठवडे, रोज अर्धा तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेत रशियनसाठी सुमारे ११०० तासांचं शिक्षण धरतात. हा आकडा वाचून घाबरू नका, तो भाषेत कामकाज करण्यासाठी आहे. आपल्याला दुकानात, स्टेशनात आणि जेवणाच्या टेबलावर उभं राहता आलं पाहिजे, इतकंच. पहिला आठवडा पूर्ण अक्षरांना द्या. वाक्यं पाठ करायची घाई त्या आठवड्यात करू नका.

लिपी शिकलीच पाहिजे का? वाक्यं देवनागरीत लिहून घेतली तर?

दोन्ही करा. बोलायची वाक्यं देवनागरीत लिहा, कारण रोमन लिपीपेक्षा देवनागरी रशियन उच्चाराच्या कितीतरी जवळ जाते. १५व्या शतकात अफानासी निकितिन नावाचा त्वेर या रशियन शहराचा व्यापारी चौलला उतरून जुन्नरपर्यंत आला होता. त्याने इथे कानावर पडलेले परके शब्द आपल्याच लिपीत लिहून ठेवले. तीच रीत आपण उलट दिशेने वापरायची.

पण पाट्या वाचण्यासाठी लिपी हवीच. रशियन सिरिलिक वर्णमालेत ३३ अक्षरं आहेत. त्यातली काही इंग्रजीसारखी दिसतात आणि तसाच उच्चार देतात. काही ग्रीक आहेत आणि शाळेच्या गणितात भेटून गेली आहेत: पाय म्हणजे प, फाय म्हणजे फ, गॅमा म्हणजे ग, आणि डेल्टा, लॅम्डा यांचे किंचित बदललेले आकार म्हणजे द आणि ल. खरा घोटाळा ओळखीच्या चेहऱ्याची पण वेगळ्या आवाजाची जी सहा अक्षरं आहेत ती करतात. इंग्रजी पी दिसलं की र वाचा, एच दिसलं की न, सी म्हणजे स, बी म्हणजे व, वाय म्हणजे उ आणि एक्स म्हणजे घशातून घासून येणारा ख़. 'रेस्टॉरंट'ची रशियन पाटी इंग्रजी डोळ्यांना 'पेक्टोपाह' अशी दिसते. ही सहा अक्षरं पक्की झाली की ती आपोआप 'रिस्तरान' वाचली जाते, आणि त्या क्षणी शहर एकदम ओळखीचं वाटायला लागतं. हा अनुभव प्रत्येकाने घ्यावा, म्हणूनच मी लिपीचा इतका आग्रह धरतो.

सहा पायांच्या किड्यासारखं दिसणारं एक अक्षर आहे. ते स्वच्छतागृहाच्या दारावर असेल तर ते बायकांचं. पुरुषांच्या दारावर म असतं, इंग्रजी एमसारखंच.

हाताने लिहिलेली किंवा तिरप्या छपाईतली अक्षरं मात्र वेगळी दिसतात. तिरपा त इंग्रजी छोट्या एमसारखा दिसतो. उपाहारगृहातली फळ्यावरची यादी वाचता आली नाही तर ती तुमची चूक नाही, तो निराळा अभ्यास आहे.

मराठी माणसाला कोणते उच्चार सोपे जातात?

बरेच, आणि हे कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही.

रशियन त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून येतात. तिथे ट किंवा ड उच्चारू नका. र आपल्यासारखाच खणखणीत. मराठीत च दोन आहेत, 'चहा'तला आणि 'चाक'मधला, आणि रशियनमध्येही हे दोन आवाज वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात. चहाला रशियनमध्ये 'चाय' म्हणतात, तिथे 'चहा'तला च. 'त्सेन्त्र' म्हणजे शहराचा मध्यभाग, तिथे 'चाक'मधला. इंग्रजी बोलणारा माणूस शब्दाच्या सुरुवातीच्या या 'त्स'पाशी अडखळतो, आपण रोज तो बोलतो. 'जर' आणि 'जोर' यांतला ज थोडा मऊ केला की रशियन ज़ मिळतो.

श आणि ष यांचंही तसंच. आपण बोलण्यात ष जवळपास सोडून दिला आहे, पण रशियनने तो सांभाळला आहे. जीभ मागे वळवून काढलेला ष आणि लांबवलेला मऊ श अशी दोन वेगळी अक्षरं तिथे शेजारी शेजारी बसतात. बोर्श या सारामध्ये दुसरा आहे, 'षेस्त्य' म्हणजे सहा यात पहिला. ष काढतानाच घशातून आवाज दिला की तो किड्यासारख्या अक्षराचा उच्चार होतो. मी तो इथे झ़ असा लिहिला आहे.

आणि कोणते अवघड?

दोन. पहिला एक स्वर, जो 'वी' म्हणजे 'तुम्ही' या शब्दात येतो. 'उ' म्हणायला जीभ मागे न्या, पण ओठ गोल न करता 'इ'सारखे ताणून ठेवा. आरशासमोर दोन दिवस केलं की जमतं.

दुसरा म्हणजे मऊ व्यंजनं. 'नाही' हे 'नेत' नसून 'न्येत' आहे, न आणि य एकजीव. शब्दाच्या शेवटी हा मऊपणा अर्थ बदलतो: 'ब्रात' म्हणजे भाऊ आणि शेवटचा त मऊ केला की 'घेणे'.

शिवाय रशियनमध्ये ख, घ, थ, ध असे महाप्राण नाहीत, त्यामुळे हवा सोडू नका. आणि शब्दाच्या शेवटचे ब, द, ग हे प, त, क होतात. पाव लिहितात 'ख़्लेब' पण म्हणतात 'ख़्ल्येप'.

एकाच शब्दाचे उच्चार वेगवेगळे का ऐकू येतात?

जोरामुळे. रशियन शब्दात एका अक्षरावर जोर असतो आणि बाकीचे स्वर ढिले पडतात. जोर नसलेला ओ चक्क अ होतो. म्हणून लिहिताना 'मोलोको', बोलताना 'मलाको' म्हणजे दूध. शहराचं नाव रशियन तोंडी 'मस्क्वा'. जोर कुठे द्यायचा याचा सोपा नियम नाही, पाटीवर तो दाखवतही नाहीत, तेव्हा शब्द ऐकूनच शिका.

जोर चुकला तर अर्थही फिरतो. 'प्लाचू' असं पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर 'मी रडतो' आणि शेवटी जोर देऊन 'प्लचू' म्हटलं तर 'मी पैसे देतो'. दुकानात दुसरं हवं असतं.

फक्त दहाच शब्द शिकायचे असतील तर कोणते?

'ज़्द्रास्त्वुइत्ये' म्हणजे नमस्कार. शब्द लांब आहे, पण आत शिरताना हाच म्हणतात आणि दुकानदाराचा चेहरा त्यानेच मोकळा होतो. 'स्पसीबा' धन्यवाद. 'पझ़ालुस्ता' म्हणजे कृपया, आणि कुणी धन्यवाद म्हटल्यावर त्याचं उत्तरही तेच. 'इज़्विनीत्ये' माफ करा, ऐका हो, जरा सरकता का, या तिन्हींसाठी. 'दा' हो, 'न्येत' नाही. 'ग्द्ये' कुठे. 'स्कोल्का' किती. 'निल्ज़्या' म्हणजे मनाई आहे. हा शब्द पहारेकऱ्याच्या तोंडून ऐकू आला की कॅमेरा खाली घ्या.

दहावा शब्द 'मोझ़्ना'. एकच शब्द न्यायचा असेल तर मी हाच नेईन. त्याचा अर्थ 'चालेल का', 'मिळेल का', 'करू का' असा सगळा मिळून आहे. दारात उभं राहून 'मोझ़्ना?' म्हटलं की 'आत येऊ का'. रिकाम्या खुर्चीकडे हात करून म्हटलं की 'बसू का'. कॅमेरा दाखवून म्हटलं की 'फोटो काढू का'. 'मोझ़्ना श्श्योत?' म्हणजे बिल मिळेल का. 'मोझ़्ना कार्तय?' म्हणजे कार्डाने चालेल का. क्रियापद चालवता येत नसेल तरी हा शब्द विनंती सभ्य करतो, आणि उत्तरही 'मोझ़्ना' किंवा 'निल्ज़्या' असं एका शब्दात मिळतं.

व्याकरण लागेलच ना थोडं?

थोडं लागेल, पण बरंचसं आपल्याकडे आहेच. मराठीप्रमाणे रशियनलाही तीन लिंगं आहेत आणि 'मी हरवलो', 'मी हरवले' हा फरक तिथेही करावा लागतो. पुरुष म्हणतो 'या पतिर्याल्स्या', बाई म्हणते 'या पतिर्यालस्य'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं.

'आहे' वर्तमानकाळात लागतच नाही. 'ग्द्ये मित्रो?' म्हणजे शब्दशः 'मेट्रो कुठे?' झालं वाक्य.

त्याहून सुंदर साम्य 'मला'चं आहे. इंग्रजीत सगळं 'मी' करतो, पण आपल्यासारखंच रशियनमध्येही थंडी 'मला' वाजते आणि गोष्ट 'मला' आवडते. 'म्न्ये' म्हणजे मला. 'म्न्ये ख़ोलद्ना' मला थंडी वाजते, 'म्न्ये प्लोख़ा' मला बरं वाटत नाही, 'म्न्ये न्रावित्सा' मला आवडतं. 'उ मिन्या येस्त्य' म्हणजे 'माझ्याकडे आहे', अगदी त्याच घडणीचं. विभक्त्या सहा आहेत. प्रवासापुरत्या त्या चुकल्या तर चुकू द्या, समोरचा समजून घेतो.

ओळखीचे शब्द खरंच सापडतात का?

सापडतात, कारण दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या. 'द्वेर' दार म्हणजे द्वार, 'अगोन' आग म्हणजे अग्नी, 'न्येबा' आकाश म्हणजे नभ, 'ज़िमा' हिवाळा म्हणजे हिम, 'विस्ना' वसंत, 'वदा' पाणी हे उदकाच्या नात्यातलं, 'व्दवा' विधवा. पाठांतर करताना असे शब्द आधी घ्या, ते निसटत नाहीत.

शाकाहारी माणसाने काय म्हणावं?

हा भाग नीट वाचा. 'या नि येम म्यासा' म्हणजे मी मांस खात नाही. 'म्यासा' हा आपल्या 'मांस' शब्दाचाच नातलग, पण ऐकायला तो 'मासा' वाटतो. माशाला रशियनमध्ये 'रीबा' म्हणतात. अडचण अशी की 'म्यासा' म्हटल्यावर अनेकांच्या मनात कोंबडी येतच नाही. म्हणून तिन्ही नावं घ्या: 'ब्येज़ म्यासा, ब्येज़ रीबी, ब्येज़ कूरित्सि', म्हणजे मांसाशिवाय, माशाशिवाय, कोंबडीशिवाय. अंडं नको असेल तर 'ब्येज़ यिइत्स' जोडा.

सार आणि सूप बहुधा मांसाच्या पाण्यात शिजतं, वर भाज्याच दिसत असल्या तरी. त्यामुळे 'बोर्श' मागवण्याआधी विचारा: 'ना म्यिस्नोम बुल्योन्ये?' मांसाच्या पाण्यातला आहे का?

आता सगळ्यात उपयोगी शब्द: 'पोस्नये'. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाचं जेवण, ज्यात मांस, दूध, अंडी काहीच नसतं. इस्टरच्या आधीच्या मोठ्या उपवासात अनेक ठिकाणी याची वेगळी यादीच मिळते. एरवी 'ग्र्येच्का' म्हणजे कुट्टूचा भात, बटाटा भरून उकडलेले 'वर्येनिकि', बिटाचं 'विनिग्र्येत' कोशिंबिरीसारखं, आणि जॉर्जियन उपाहारगृहातलं चीज भरलेलं ख़चापुरी किंवा घेवड्याचं लोबिओ यांवर पोट भरतं.

अ‍ॅलर्जी असेल तर 'उ मिन्या अलिर्गीया ना' म्हणून पुढे पदार्थाचं नाव, आणि तेच वाक्य रशियन लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवा. जीव सांभाळायच्या गोष्टीत उच्चारावर विसंबू नये.

प्रश्न विचारता येतो, पण उत्तर कळत नाही. काय करावं?

हीच खरी अडचण आहे, आणि तिच्याकडे कमी लक्ष दिलं जातं. उपाय असा की प्रश्नच असे विचारा ज्यांचं उत्तर बोटाने किंवा आकड्याने देता येईल. नकाशावर बोट ठेवून 'म्न्ये नूझ़्ना स्युदा', मला इथे जायचंय. किंमत ऐकून कळली नाही तर 'नपिषीत्ये, पझ़ालुस्ता', लिहून द्या ना. फोन पुढे केला की समोरचा आकडा टाकून दाखवतो. 'पकझ़ीत्ये' म्हणजे दाखवा. आणि 'या नि पनिमायू', मला समजत नाही, हे सांगायला संकोच करू नका.

काही उत्तरं मात्र ठरलेली असतात, ती आधीच कानात बसवा. 'नल्येवा' डावीकडे, 'नप्रावा' उजवीकडे, 'प्र्यामा' सरळ. शेवटचे दोन घाईत सारखेच ऐकू येतात, म्हणून हात कुठे जातोय ते बघा. दुकानात पैसे देताना विचारतात 'पक्येत नूझ़िन?', पिशवी हवी का, आणि 'कार्ता येस्त्य?', म्हणजे दुकानाचं सवलतीचं कार्ड आहे का. पहिल्या खेपेला मला वाटलं पैशाचं कार्ड विचारतायत. तिथे 'न्येत' म्हणायचं असतं.

मेट्रोत दारं मिटताना 'अस्तारोझ़्ना, द्व्येरि ज़क्रिवायुत्सा' ऐकू येतं: सांभाळा, दारं बंद होत आहेत. त्यानंतर पुढच्या स्टेशनचं नाव येतं. मॉस्कोची मेट्रो १९३५ साली सुरू झाली, तिची स्टेशनं बघायलाच माणसं जातात. तिथल्या पाट्यांवर 'फ़्ख़ोत' म्हणजे आत, 'वीख़त' म्हणजे बाहेर. दारांवर 'क सिब्ये' असेल तर ओढा, 'अत सिब्या' असेल तर ढकला.

आकडे कुठपर्यंत शिकावे?

हजारापर्यंत, कारण किमती शेकड्यांत असतात. अदीन, द्वा, त्री, चितीर्ये, प्यात्य, षेस्त्य, स्येम्य, वोसिम्य, द्येवित्य, द्येसित्य. दोन, तीन, चार आणि दहा आपल्याच घरचे वाटतात. शंभर 'स्तो', म्हणजे शत. हजार 'तीसिचा'. २१ म्हणताना वीस आधी आणि एक नंतर, आपल्या एकवीसच्या उलट. 'द्विनात्सत्य' बारा आणि 'द्वात्सत्य' वीस यांत हमखास गोंधळ होतो, तिथे लिहून मागा. रूबल हा शब्दही आकड्याप्रमाणे बदलतो: एक 'रूब्ल', दोन ते चार 'रुब्ल्या', पाच ते वीस 'रुब्ल्येय'.

व्हिसा आणि मास्टरकार्डची परदेशात दिलेली कार्डं मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत. म्हणून 'नलीचनिमि', रोख, हा शब्द तुमच्या तोंडी वारंवार येणार आहे.

तू म्हणावं की तुम्ही? हाक कशी मारावी?

'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. वापरही आपल्यासारखाच आहे, अनोळखी माणसाला नेहमी 'वी'. 'प्रिव्येत' हा नमस्कार फक्त मित्रांसाठी, दुकानदारासाठी नाही.

साहेब, बाई अशी सर्रास चालणारी हाक रशियनमध्ये आज उरलेली नाही. दुकानातल्या किंवा उपाहारगृहातल्या मुलीला 'द्येवुष्का', तरुणाला 'मलदोय चिलव्येक'. वयस्क माणसाला सरळ 'इज़्विनीत्ये' म्हणून बोलायला लागावं, ते सगळ्यात सुरक्षित.

डॉक्टर, शिक्षक, घरमालकीण यांना स्वतःचं नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं नाव जोडून हाक मारतात. इवान पेत्रोविच म्हणजे प्योत्रचा मुलगा इवान. फॉर्मवरही 'ओत्चिस्त्वा' असा रकाना असतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही मांडणी आपल्याला समजावून सांगावी लागत नाही, मात्र तुमच्या पासपोर्टवर जसं छापलं आहे तसंच फॉर्मवर लिहा.

कुठून आलात विचारलं तर 'या इज़ ईन्दिइ' म्हणा. मग बहुधा गप्पा सुरू होतात.

जेवणात पेला उचलताना 'ना ज़्दरोव्ये' म्हणतात ना?

नाही. ते जेवणाबद्दल धन्यवाद म्हटल्यावर यजमान देतो ते उत्तर आहे. पेला उचलताना 'ज़ा' म्हणून ज्याच्या नावाने तो उचलायचा ते सांगतात, जसं 'ज़ा वास', तुमच्यासाठी.

अडचणीच्या वेळी काय बोलावं?

'पमगीत्ये!' वाचवा, मदत करा. ११२ हा सगळ्या आणीबाणीचा क्रमांक. आग १०१, पोलीस १०२, रुग्णवाहिका १०३. दुखतं ती जागा दाखवून 'बोल्ना' म्हणा. 'व्राच' डॉक्टर, 'अप्त्येका' औषधाचं दुकान. राहण्याचा पत्ता रशियन लिपीत लिहिलेला कागद कायम जवळ असू द्या. तो दाखवला की वाक्य बोलायची गरजही पडत नाही.

हेच रशियन इतर देशांत चालेल का?

बेलारूस, कझाकस्तान आणि किर्गिझस्तानात चालेल. तिन्ही ठिकाणी रशियनला सरकारी कामात स्थान आहे. उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तानात शहरांत आणि जुन्या पिढीशी बोलताना उपयोग होतो. पण तिथे धन्यवाद मात्र त्यांच्याच भाषेत द्या: कझाकमध्ये 'रख़्मेत', किर्गिझमध्ये 'रख़्मत', उझबेक आणि ताजिकमध्ये 'रहमत'. तेवढ्या एका शब्दाने माणसं किती खूश होतात ते तिथे गेल्यावर बघाच.